आजाऱ्याभोवतीची माणसे

अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहराच्या पूर्व भागात आमचे घर आहे आणि आमच्या गल्लीतील बरीचशी घरे लाओसच्या डोंगरांतून निर्वासित होऊन आलेल्या हमोंग समाजाच्या कुटुंबांची आहेत. एखाद्या शनिवारी सकाळीच कोणाच्या तरी घरासमोर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गाड्यांची रांग लागते, गॅरेजचे दार अर्धे वर उचललेले असते, आत मोठ्या पातेल्यांखाली गॅस पेटलेला असतो, आणि घरातून धातूच्या थाळीवर पडणाऱ्या एकसारख्या ठोक्यांचा आवाज तासन् तास येत राहतो. नव्याने राहायला आलेल्या माणसाला वाटते की लग्न असावे. प्रत्यक्षात त्या घरात कोणीतरी आजारी असते.

हा आवाज काही वर्षे बाहेरून ऐकल्यानंतर शेजारच्या आजींनी मला आत बोलावले. या आजी स्वतः ‘त्सी नेंग’ आहेत. मराठीत त्यांना कोणी भगत म्हणेल, कोणी देवऋषी. पण या शब्दांभोवती आपल्याकडे जो संशय साचला आहे, तो त्यांच्यावर लादणे मला योग्य वाटत नाही, म्हणून मी त्यांचाच शब्द ठेवते. त्सी नेंग पुरुष असतो तशी स्त्रीही असते. हे काम कोणी हौसेने स्वीकारत नाही. एखादा माणूस दीर्घकाळ आजारी पडतो, उपचार लागू पडत नाहीत, आणि दुसरा जाणता त्सी नेंग सांगतो की उपचार करणाऱ्या आत्म्यांनी याची निवड केली आहे. ती स्वीकारली तरच हा बरा होईल. मग गुरूजवळ वर्षानुवर्षे शिकणे आले. आजींच्या बाबतीत हे थायलंडमधील निर्वासितांच्या छावणीत घडले. स्वतः आजारातून गेल्याशिवाय दुसऱ्याच्या आजाराला हात घालायचा नाही, ही या परंपरेची पहिली अट आहे, आणि रुग्णालयाच्या औषध विभागात इतकी वर्षे काम केल्यावर मला ती फार विचार करायला लावणारी वाटते.

हमोंग धारणेनुसार माणसाला एकच आत्मा नसतो. त्यांची संख्या किती याबद्दल निरनिराळ्या कुळांत निरनिराळी मते आहेत. पण त्यांपैकी एखादा आत्मा दचकून पळतो, दुःखाने दूर जातो, वाट चुकतो किंवा कोणी अदृश्य शक्ती त्याला अडवून धरते, आणि मग शरीर खंगते, भूक मरते, झोप उडते, माणूस पूर्वीसारखा राहत नाही, यावर सर्वांचे एकमत असते. साध्या दुखण्यासाठी ‘हु प्ली’ पुरते, म्हणजे घराच्या उघड्या दारात उभे राहून, तांदूळ, अंडे, उदबत्ती आणि कोंबडी ठेवून, हरवलेल्या आत्म्याला नाव घेऊन घरी बोलावणे. नवजात बाळासाठीही तिसऱ्या दिवशी हाच विधी होतो, कारण तोपर्यंत बाळाचा आत्मा घरात पुरता स्थिरावलेला नसतो असे मानतात. दुखणे मोठे असेल तर मात्र त्सी नेंगला स्वतः पलीकडच्या जगात जावे लागते. त्या प्रवासाला ‘उआ नेंग’ म्हणतात आणि त्याचे दोन टप्पे असतात. पहिल्या विधीत काय बिघडले आहे ते पाहायचे आणि आत्म्यांशी बोलणी करायची. आजाऱ्याला उतार पडू लागला की काही दिवसांनी दुसरा, मोठा विधी करायचा.

मी पाहिला तो दुसरा विधी होता. आजींचा देव्हारा घराच्या मुख्य दारासमोरच्या भिंतीला टेकलेला आहे, कारण त्यांच्या साहाय्यक आत्म्यांना आत येण्यासाठी आणि बाहेर पडण्यासाठी सरळ वाट लागते. सोनेरी-चंदेरी कागदांनी मढवलेल्या त्या देव्हाऱ्यावर पाण्याचे भांडे, तांदळात उभे केलेले अंडे आणि उदबत्त्या होत्या. समोर एक लांब, अरुंद लाकडी बाक होता. हा बाक म्हणजे घोडा. हमोंग आख्यानांतील पहिला त्सी नेंग शी यी पंखांच्या घोड्यावरून आत्म्यांच्या शोधात निघत असे, आणि आजचा प्रत्येक त्सी नेंग त्याच्याच वाटेने जातो अशी श्रद्धा आहे. आजींनी काळ्या कापडाने चेहरा झाकला, बोटांत घुंगुरांच्या कड्या अडकवल्या, हातात चकत्या लावलेले लोखंडी कडे घेतले, आणि त्या बाकावर बसून एका लयीत हलू लागल्या. मागे त्यांचा पुतण्या थाळी वाजवत होता. पुढचे जवळजवळ तीन तास सत्तरीच्या पुढच्या त्या बाई थांबल्या नाहीत. मध्येच त्या उडी मारून बाकावर उभ्या राहत, आणि त्यांना सावरण्यासाठी दोन नातेवाईक सतत मागे हात पसरून उभे असत.

आजारी होती त्यांची चुलत जाऊ. मूत्रपिंडाच्या विकारासाठी तिचे डायलिसिस चालू होते आणि ते बंद करण्याचा विचार त्या घरात कोणीही बोलून दाखवला नव्हता. ती आजींच्या मागे खुर्चीवर बसली होती. तिच्या आत्म्याच्या रक्षणासाठी एका डुकराचा आत्मा मागितला गेला होता. आजी मधूनमधून म्हशीच्या शिंगाच्या टोकाची दोन अर्धुके जमिनीवर टाकत आणि ती उताणी पडली की पालथी, यावरून पलीकडून होकार आला की नकार, हे ओळखत. डुकराच्या रक्ताचा ठसा आजारी बाईच्या सदऱ्याच्या पाठीवर उमटवला गेला, म्हणजे ती राखलेली आहे हे सर्व आत्म्यांना दिसावे. गॅरेजसमोर लोखंडी घमेल्यात कागदी पैसा जाळला गेला. त्या डुकराचा जबडा पुढच्या नववर्षापर्यंत जपून ठेवतात, आणि मग त्याच्या आत्म्याला सेवेतून मुक्त करतात. प्राण्याला असे मानाचे स्थान देणारी आणि त्याचे आभार मानणारी ही रीत पाहताना, मी स्वतः शाकाहारी असूनही, मला किळस आली नाही. मांस सगळ्यांनी मिळून खाल्ले, एक वाटा त्सी नेंगच्या घरी गेला, आणि त्यापूर्वी जमलेल्या प्रत्येक माणसाने आजारी बाईच्या मनगटाला पांढरा दोरा बांधून तिला शुभ चिंतले. चाळीस-पन्नास माणसे होती. शेवटी तिचे मनगट कोपराच्या दिशेने अर्ध्यावर दोऱ्यांनी भरून गेले.

त्या बाईची मूत्रपिंडे विधीने बरी झाली नाहीत आणि होतील असे आजींनीही सांगितले नव्हते. पण डायलिसिसच्या खुर्चीवर आठवड्यातून तीन वेळा चार चार तास एकटी पडून राहणारी ती बाई त्या दिवशी घरातील सर्वांत महत्त्वाची व्यक्ती होती. तिच्यासाठी माणसे विस्कॉन्सिनहून गाडी चालवत आली होती. तिच्या दुखण्यावर पन्नास माणसांनी एक आख्खा दिवस खर्च केला होता. आमच्या रुग्णालयात तिच्या फाइलमध्ये जे जे लिहिलेले असेल, त्यात या गोष्टीची नोंद कोठेच नसणार, आणि मला वाटते की हमोंग उपचारपद्धतीविषयी जे काही समजून घ्यायचे आहे त्याचा गाभा येथे आहे. हा विधी एका माणसासाठी एका माणसाने करण्याचा नाही. थाळी वाजवणारा लागतो, सावरणारे लागतात, प्राणी कापणारे, शिजवणारे, दोरे बांधणारे लागतात, आणि ते बहुतेक आपल्या कुळातले असावे लागतात. हमोंग समाजाची सुमारे अठरा कुळे आहेत, आणि कुळ जवळ नसेल तर उपचारच पुरा होत नाही.

म्हणूनच या लोकांच्या स्थलांतराचा इतिहास त्यांच्या आरोग्याच्या इतिहासापासून वेगळा काढता येत नाही. दक्षिण चीनमधून एकोणिसाव्या शतकात लाओसच्या डोंगरांत उतरलेल्या या शेतकरी समाजाला 1960 नंतर अमेरिकेच्या सीआयए या गुप्तचर संस्थेने कम्युनिस्टांविरुद्धच्या आपल्या गुप्त युद्धात ओढले. जनरल वांग पाव यांच्या नेतृत्वाखाली लाँग चेंगच्या तळावरून हजारो हमोंग तरुण, आणि पुढे पुढे तर कोवळी मुले, अमेरिकेच्या बाजूने लढली. 1975 च्या मे महिन्यात अमेरिकेने तळ सोडला, विमानांत थोड्यांनाच जागा मिळाली, आणि मागे राहिलेल्यांनी जंगलातून चालत, रात्री मेकाँग नदी ओलांडून थायलंड गाठले. नदीत बुडालेल्यांची आणि वाटेत गोळीला बळी पडलेल्यांची आठवण नसलेले घर आमच्या गल्लीत मला भेटलेले नाही. नंतर बान विनायसारख्या छावण्यांत वर्षे गेली, आणि तेथून अमेरिका, फ्रान्स, ऑस्ट्रेलिया, फ्रेंच गयाना अशा ठिकाणी रवानगी झाली. आजही एखादे न समजणारे दुखणे पाहताना त्सी नेंगचे निदान असे निघते की आजाऱ्याचा एक आत्मा छावणीतच राहिला आहे, किंवा नदीच्या पलीकडच्या काठावर अजून उभा आहे. मग तो तेथून आणावा लागतो. आजींनी आपल्या बाकावरून मेकाँग अनेकदा ओलांडली आहे.

अमेरिकेने या निर्वासितांना मुद्दाम विखरून वसवले. कोणत्याही एका गावावर भार पडू नये आणि लोक लवकर मिसळून जावेत, असा त्यामागे विचार होता. एकेक कुटुंब परक्या शहरात, परक्या हवेत, भाषा न येता, कुळापासून शेकडो मैल दूर टाकले गेले. आपल्या नकाशावर लोकांना असे पसरवणाऱ्या अधिकाऱ्यांना हे ठाऊक नव्हते की त्यांनी या लोकांच्या आजारपणाची आणि मरणाची व्यवस्थाच मोडली आहे. हमोंग कुटुंबांनी मात्र ते ओळखले आणि थोड्याच वर्षांत ती स्वतःहून उठून एकत्र येऊ लागली, कॅलिफोर्नियाच्या मध्य खोऱ्यात फ्रेझ्नो आणि मर्सेड येथे, विस्कॉन्सिनमध्ये, आणि आमच्या मिनेसोटात. आज अमेरिकेत हमोंगांची संख्या साडेतीन लाखांच्या वर आहे, आणि त्यांतील नव्वद हजारांहून अधिक मिनेसोटात राहतात. या दुसऱ्या स्थलांतराची कारणे सांगताना नोकऱ्या, शेती आणि सरकारी मदत यांचा उल्लेख होतो आणि तो खरा आहे. पण आपल्या माणसांच्या मरणाला पुरेसे खांदे आणि आजाराला पुरेसे हात मिळावेत, ही ओढही त्यात होती, असे मला येथील म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यातून नेहमी जाणवते.

त्या पहिल्या वर्षांत एक भयंकर गोष्ट घडत होती. तिशी-पस्तिशीचे धडधाकट हमोंग पुरुष रात्री झोपेत मरू लागले. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने अशा मृत्यूंची नोंद ठेवायला सुरुवात केली. 1981 मध्ये ही संख्या सर्वाधिक होती, आणि त्या दशकाच्या अखेरीपर्यंत दक्षिण-पूर्व आशियातून आलेल्या निर्वासितांमधील असे शंभराहून अधिक मृत्यू नोंदले गेले होते. शवविच्छेदनात काहीही सापडत नव्हते. हृदयाच्या विद्युतप्रवाहातील ज्या जन्मजात दोषाला आता ब्रुगाडा विकार म्हणतात, त्याच्याशी या मृत्यूंचा संबंध पुढे जोडला गेला. पण हमोंग लोकांना रात्री छातीवर बसून श्वास कोंडणारी ‘दा चो’ ही शक्ती पूर्वीपासून ठाऊक होती. 1990 च्या दशकात शेली ॲडलर या संशोधिकेने कॅलिफोर्नियातील हमोंगांशी सविस्तर बोलून असा युक्तिवाद मांडला की ज्या पुरुषांना पूर्वजांचे आणि घरातील आत्म्यांचे विधी परमुलखात करता आले नाहीत, त्यांच्या मनात या शक्तीपुढे आपण उघडे पडलो आहोत अशी भीती बसली, आणि त्या भीतीने आधीच दुबळ्या असलेल्या हृदयावर घाला घातला. औषधशास्त्र शिकलेली मी, आनुवंशिक दोषाचे महत्त्व कमी लेखणार नाही. परंतु तोच दोष रक्तात घेऊन ही माणसे लाओसमध्येही जगत होती, आणि विस्थापनानंतरच्या नेमक्या त्या वर्षांत मृत्यू का वाढले, याचे उत्तर केवळ जनुकांत मिळत नाही.

या विषयावर लिहिताना मर्सेड गावाला टाळता येत नाही. तेथे 1982 मध्ये जन्मलेल्या लिया ली या मुलीला तिसऱ्या महिन्यापासून अपस्माराचे झटके येऊ लागले. मोठ्या बहिणीने दार धाडकन लावले, त्या आवाजाने बाळाचा आत्मा दचकून पळाला आणि एका शक्तीने तिला धरले, असे आईवडिलांचे मत होते. डॉक्टरांचे मत मेंदूतील विद्युतस्फोटाचे होते. दोन्ही बाजूंचे त्या मुलीवर प्रेम होते यात मला शंका नाही. रुग्णालयात दुभाषा नसे. औषधांचे वेळापत्रक चार वर्षांत वीसहून अधिक वेळा बदलले. लिहिता-वाचता न येणाऱ्या आईवडिलांना गोळ्यांचे रंग आणि मात्रा यांचा मेळ लागेना, आणि काही औषधांनीच मूल बिघडते आहे असे वाटून ती देणे त्यांनी टाळले. अखेर न्यायालयाच्या आदेशाने लियाला आईवडिलांपासून काढून जवळजवळ वर्षभर परक्या घरात ठेवण्यात आले. ती घरी परतली, आणि 1986 च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या प्रचंड झटक्यासोबत रक्तातील संसर्गाने तिचा मेंदू निकामी झाला. ती थोड्याच दिवसांची सोबती आहे असे डॉक्टरांना वाटले. आईवडील तिला घरी घेऊन गेले, रोज न्हाऊमाखू घातले, कडेवर वागवले, तिच्यासाठी विधी केले, आणि ती 2012 पर्यंत जगली.

औषध देण्याचे काम माझे असल्यामुळे या कहाणीतील औषधांचा भाग मला सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. त्या कुटुंबाला औषध नकोच होते असे नाही. त्यांना औषधही हवे होते आणि त्सी नेंगही हवा होता. मानववंशशास्त्राचे जाणकार असलेले मनोविकारतज्ज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 1970 च्या दशकातच काही साधे प्रश्न सुचवले होते: तुमच्या मते हा आजार कशामुळे झाला, तो नेमका आताच का आला, त्याची तुम्हाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते, त्यावर कोणता उपचार व्हावा असे तुम्हाला वाटते. हे प्रश्न विचारायला दहा मिनिटे आणि एक चांगला दुभाषा लागतो. लियाच्या आईवडिलांना ते वेळेवर कोणी विचारले असते, तर निदान गोळ्या का दिल्या जात नाहीत हे तरी कळले असते, आणि औषध सोपे करता आले असते.

मर्सेडने पुढे जे केले त्याचे मला मोठे मोल वाटते. तेथे 2000 च्या सुमारास एका स्थानिक संस्थेने त्सी नेंगांना रुग्णालयाची ओळख करून देण्याचा अभ्यासक्रम सुरू केला. सात आठवड्यांत त्यांना शस्त्रक्रियागृह, सूक्ष्मदर्शकाखालचे जंतू, हृदयाचे काम दाखवले जाई. शंभराहून अधिक जण त्यातून शिकून बाहेर पडले. 2009 मध्ये मर्सी मेडिकल सेंटर या तेथील रुग्णालयाने रीतसर धोरणच केले: प्रशिक्षित त्सी नेंगला ओळखपत्र मिळते, पाद्र्याप्रमाणेच त्याला रुग्णाच्या खोलीत जाता येते, आणि आत्म्याला बोलावणे, हळू आवाजात मंत्रोच्चार करणे असे नऊ प्रकारचे विधी तेथे करता येतात. ज्या गावात एका मुलीच्या बाबतीत दोन जगे एकमेकांना शत्रू समजत होती, त्याच गावात ही दारे उघडली. त्याचा परिणाम दोन्ही बाजूंनी झाला. त्सी नेंगने ‘या दुखण्याला डॉक्टर हवा’ असे सांगितले की कुटुंब ऐकते, आणि वेळेवर येते.

तरीही त्या धोरणातील ‘हळू आवाजात’ ही अट मला थांबवते. थाळी नाही, प्राणी नाही, विस्तव नाही, पन्नास माणसे नाहीत. अतिदक्षता विभागात यांपैकी काहीही शक्य नाही हे मी रोज पाहते, आणि शेजारच्या खाटेवरील रुग्णाच्या झोपेचाही हक्क असतो. पण मग रुग्णालयात होतो तो त्या उपचाराचा एक लहानसा, सोयीचा केलेला अंश असतो, हे आपण प्रामाणिकपणे मान्य करावे. पूर्ण विधी अजूनही घरीच होतो, बहुधा डुक्कर कत्तलखान्यातून कापून आणून, धुराच्या गजराचे यंत्र काढून ठेवून, शेजाऱ्यांनी पोलिसांना बोलावू नये अशी आशा धरून. धार्मिक कारणासाठी प्राणी बळी देण्यावर एका गावाने मुद्दाम घातलेली बंदी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1993 मध्ये रद्द केली. ते प्रकरण फ्लोरिडातील हायलिया गावच्या सांतेरिया पंथाचे होते, पण त्याचा आधार हमोंगांनाही मिळतो.

मृत्यूनंतरच्या शरीराबाबत मात्र कायदा इतका मवाळ नाही. हमोंग श्रद्धेप्रमाणे शरीर अखंड राहिले नाही तर आत्म्याला पूर्वजांकडे जाण्याची आणि पुन्हा जन्म घेण्याची वाट नीट मिळत नाही. ऱ्होड आयलंडमध्ये एका हमोंग तरुणाचा अचानक मृत्यू झाला आणि सरकारी वैद्यकीय तपासनिसाने आईवडिलांना न विचारता शवविच्छेदन केले. त्यांनी दावा लावला. 1990 च्या आरंभी न्यायाधीश रेमंड पेटीन यांनी त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने धर्मस्वातंत्र्याबाबत दुसऱ्या एका खटल्यात कडक निकाल दिल्यामुळे पेटीन यांना आपला निकाल मागे घ्यावा लागला, आणि तो मागे घेताना त्यांनी आपले तीव्र दुःख निकालपत्रातच नोंदवले. सुनावणीच्या वेळी न्यायालयात जमलेल्या हमोंग माणसांचा शोक त्यांनी पाहिला होता.

हे सर्व वाचताना मराठी वाचकाच्या मनात एक प्रश्न उभा राहणार, आणि तो माझ्याही मनात आहे. मी चंद्रपूर जिल्ह्यात वाढले. सर्पदंश झालेल्या माणसाला मंत्रासाठी ताटकळत ठेवल्याने तो दगावल्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत, आणि डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी आयुष्य वेचले आणि 20 ऑगस्ट 2013 रोजी प्राण दिले, त्या कायद्याची मी मनापासून समर्थक आहे. तो कायदा बारकाईने वाचला तर त्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून रोखून त्याऐवजी मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा गुन्हा ठरवला आहे. ‘रोखणे’ ही त्यातील कसोटी मला हमोंगांच्या बाबतीतही लावावीशी वाटते. जो त्सी नेंग डायलिसिस बंद करा म्हणेल, तो माझ्या दृष्टीने घातक आहे. पण डायलिसिसला जाणाऱ्या बाईच्या मनगटाला बांधलेला दोरा सुई टोचताना अडथळा होतो म्हणून न विचारता कात्रीने कापणे, हीही मला इजाच वाटते. असे दोरे कापले गेल्याचे प्रसंग येथील जुन्या हमोंग माणसांच्या तोंडून आजही ऐकू येतात, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलतो.

आणि विचारल्याने काय होते, याचे उदाहरण माझ्या जन्मभूमीच्या शेजारीच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी शोधग्राममध्ये रुग्णालय उभारताना आदिवासींना विचारले की तुम्हाला दवाखाना कसा हवा. मोठी, अनोळखी, नातेवाइकांना बाहेर ठेवणारी इमारत त्यांना नको होती. म्हणून तेथे रुग्णांसाठी झोपड्यांसारख्या खोल्या झाल्या, त्यांत घरची माणसे सोबत राहू शकतात, आणि दवाखान्याला दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. तेथील औषधे आणि शस्त्रक्रिया आधुनिकच आहेत. मिनेसोटातल्या एखाद्या रुग्णालयाच्या व्यवस्थापकांना मी शोधग्रामविषयी सांगते तेव्हा ते नवल करतात, कारण त्यांना वाटत असते की हा प्रश्न फक्त अमेरिकेत आलेल्या परक्यांचा आहे.

हमोंग समाजातही सर्वांचे एकमत नाही. छावण्यांच्या काळात आणि त्याआधीही बरेच जण ख्रिस्ती झाले. त्यांच्या घरी देव्हारा नसतो, आणि विधीचे मांसही ते बहुधा खात नाहीत. एकाच कुळात काही घरे ख्रिस्ती आणि काही जुन्या रीतीची असली की आजारपणात मोठी ओढाताण होते, कारण आत्म्याला बोलावण्यासाठी लागणाऱ्या माणसांपैकी अर्धी माणसे आता प्रार्थनेला बसू इच्छितात. आजींची धाकटी बहीण अशीच आहे. विधीच्या दिवशी ती येते, घराबाहेर गॅरेजमध्ये भाज्या चिरते, आत पाऊल ठेवत नाही. माझ्या मते तीही त्या उपचारात सामील असते, मात्र हे मी तिला सांगितलेले नाही.

आजींनंतर काय, हा प्रश्न त्यांच्या घरात आता उघडपणे बोलला जातो. त्यांचा नातू तिशीचा आहे, एका गोदामात संगणकाचे काम पाहतो. त्याला दोन-तीन वर्षे छातीत धडधड, घाम, रात्रभर जाग असे होत राहिले. आमच्याकडेही त्याच्या सगळ्या तपासण्या झाल्या, हृदय ठीक निघाले, चिंतेवरील गोळ्या सुरू झाल्या आणि त्यांचा थोडा उपयोगही झाला. मग दुसऱ्या राज्यातून आलेल्या एका वृद्ध त्सी नेंगने सांगितले की आजींचे साहाय्यक आत्मे याच्याकडे येऊ पाहत आहेत. त्याने ते मान्य केले आणि गोळ्याही चालू ठेवल्या. मंत्रांमध्ये रोजच्या हमोंग बोलीत नसलेले, चिनी वळणाचे जुने शब्द फार आहेत. तो आजींचे मंत्र फोनवर ध्वनिमुद्रित करतो आणि कामावर जाताना गाडीत ऐकतो. सेंट पॉलच्या शाळांत इंग्रजीत वाढलेल्या मुलाला ते पाठ करणे किती कठीण जाते, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

त्याची खरी अडचण मात्र भाषेची नाही. डोंगरातल्या गावात कोणी आजारी पडले की त्सी नेंगला बोलावणे येई आणि तो हातातले काम टाकून जाई. या नातवाला वर्षाला ठरावीक रजा मिळतात. म्हणून बहुतेक विधी शनिवार-रविवारी होतात, पण दुखणे त्या दिवसांसाठी थांबत नाही, आणि बोलावणाऱ्याला नकार देणे त्सी नेंगला शोभत नाही, असे आजींनी त्याला सुरुवातीलाच बजावले आहे. मागच्या महिन्यात बुधवारी रात्री त्याच्या आत्याला पक्षाघाताचा झटका आला. रुग्णवाहिका वेळेवर आली, रक्ताची गुठळी विरघळवण्याचे औषध वेळेत मिळाले, आणि ते औषध आमच्याच विभागातून गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या खोलीत कुटुंबाला त्सी नेंग हवा होता. आजींना ताप होता. नातवाने वरिष्ठाला फोन केला, कारण विचारल्यावर घरात आजारपण आहे एवढेच सांगितले, आणि पगार कापून घेऊन तो आला. एक अंडे, मूठभर तांदूळ आणि न पेटवलेली उदबत्ती घेऊन त्याने खाटेजवळ उभे राहून पहिल्यांदाच एकट्याने आत्म्याला बोलावले. परिचारिकेने दार ओढून घेतले आणि अर्धा तास कोणाला आत सोडले नाही. पाद्र्याला आजाऱ्याकडे जाण्यासाठी वरिष्ठाला कारण सांगावे लागत नाही, असे तो मला नंतर जिन्यात म्हणाला. त्याच्या कंपनीच्या रजेच्या अर्जात कारणांची यादी छापलेली आहे, आणि तिच्यात त्याच्या कामासाठी रकाना नाही.